देवगिरी-वेरूळला लहान पोरांना नेताय? आधी टॉर्च घ्या

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो आणि सहा वर्षांचा आमचा धाकटा ज्या एका गोष्टीसाठी महिनाभर उड्या मारत होता तीच माझ्यामुळे हुकली. देवगिरी किल्ल्याची अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातला काळोखा जिना. परवा मावसबहिणीने विचारलं की आम्ही पण जातोय, काय काय घेऊ, तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

पाणी, टोपी, एक जास्तीचा टीशर्ट, हे आपण घेतोच, त्यावर वेळ घालवत नाही. टॉर्च घ्या. माणशी एक. मोबाईलचा टॉर्च धरू नका हिशोबात, प्लीज. मी तोच धरला होता.

आता वार बघा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे, तो याच दिवसात कोंबायचा विचारही करू नका, लहान मुलांबरोबर तर नाहीच. एका दिवसात देवगिरी, वेरूळ आणि जमलं तर शहरातला बीबी का मकबरा, एवढंच. देवगिरी शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर, त्याच रस्त्याने पुढे वेरूळ, म्हणजे उलटसुलट फिरावं लागत नाही. पण किल्ला सकाळीच करा. बरेच जण आधी वेरूळ करतात आणि दुपारी दोनला किल्ल्याच्या पायऱ्यांशी येतात, तेव्हा दगड तापलेले असतात आणि पोरं थकलेली असतात, मग चांद मिनारापाशी फोटो काढून परत. तिकीट खिडकी उघडते तेव्हा तुम्ही दारात पाहिजे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

आदल्या रात्री मुलांना गोष्ट सांगून ठेवा, हे पण तयारीतच येतं. तिथे गेल्यावर उन्हात उभं राहून इतिहास सांगितला तर कोणी ऐकत नाही. यादवांची राजधानी, 1296 ला खिलजी आला, 1327 ला तुघलकाने दिल्लीहून राजधानीच इकडे हलवली आणि दौलताबाद नाव दिलं, एवढं पुरे. जिजाऊ मुलांना माहीत असतातच, मग त्यांचे वडील लखुजी जाधव यांची 1629 मध्ये याच किल्ल्यात हत्या झाली हे सांगा, माझी मोठी ते ऐकून एकदम गप्प झाली होती आणि मग किल्ला वेगळ्या नजरेने बघायला लागली. मेंढा तोफेवर मेंढ्याचं तोंड आहे ते शोधायला लावा. आणि खंदक दाखवा, डोंगराचा खालचा कडा माणसांनी तासून सरळसोट केलाय, पालीशिवाय कोणी चढणार नाही असा, म्हणून वर जायला रस्ता एकच. तो रस्ता म्हणजे अंधारी.

तर टॉर्च. अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून खोदलेला वळणावळणाचा जिना. शत्रू आत आला की काळोखात चुकावा, आपसात लढावा यासाठीच केलेला, वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत सोडायची सोय होती असं गाईड सांगतात. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर तर पुढची लहान मुलाच्या गुडघ्याएवढी, काही झिजून गुळगुळीत झालेल्या. वर छताला वटवाघळं, त्यांचा वास दारातच नाकात बसतो. माझ्या फोनची बॅटरी तोपर्यंत व्हिडिओ काढून काढून सात टक्क्यांवर आलेली, नवरा मोठीला घेऊन पुढे गेलेला, आणि माझा एक हात पोराच्या हातात, दुसरा भिंतीला, मग फोन धरायचा कुठल्या हाताने? दातात धरून बघितला. दुसऱ्या वळणावर तो बंद पडला. पोराने काही आरडाओरडा केला नाही, नुसती माझी ओढणी मुठीत गच्च धरली आणि हळू आवाजात म्हणाला, आई मला घरी जायचंय. मागून माणसं येत होती, त्यांच्या उजेडात आम्ही उतरलो. वरची बारादरी, म्हणजे माथ्याजवळचा महाल, त्याने बघितलीच नाही. पुण्यापर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही त्या विषयावर, आणि मला ते अजून लागतं.

म्हणून मुलाला डोक्याला बांधायचा टॉर्च द्या, हात मोकळे राहतात, आणि मुख्य म्हणजे उजेड त्याच्या स्वतःकडे असला की भीती निम्मी होते. आदल्या रात्री घरातले दिवे बंद करून तो लावून फिरू द्या. नवीन सेल घाला, आणि प्रवासात एक सेल उलटा घालून ठेवा, नाहीतर बॅगेत बटण दाबलं जाऊन टॉर्च रात्रभर जळतो आणि सकाळी मेलेला असतो. उजेड पायऱ्यांवर मारायचा, छतावर नाही, वटवाघळं उठतात, हे मुलांना तीनदा सांगा. टॉर्च गाडीतल्या मोठ्या बॅगेत ठेवू नका, गाडी खाली पार्किंगला राहते. अंगावर पाहिजे. तोंडाला बांधायला एक रुमाल, वासासाठी. तळ असलेले बूट, क्रॉक्स अजिबात नको, गुळगुळीत दगडावर सरकतात. खाऊ हातात उघडा ठेवू नका, माकडं आहेत. आणि मूल नको म्हणालं तर ओढून नेऊ नका.

खाली आलात की सीझन असेल तर रस्त्यावर सीताफळं मिळतात, पिकलेली बघून घ्या, ओले टिश्यू हवेत.

वेरूळला चौतीसच्या चौतीस लेणी करायला जाऊ नका, मुलं सातव्या लेण्यात बसकण मारतात. सोळा नंबरचं कैलास आधी. मुलांना एवढंच सांगा की हे बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलंय, अख्खं देऊळ एका डोंगरातून, आणि मग जोत्याचे हत्ती मोजायला लावा, कैलास हलवणारा रावण शोधायला लावा, अर्धा तास आरामात जातो. नंतर दहा नंबर, त्याला सुताराची झोपडी म्हणतात, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत आणि आवाज घुमतो. तिथेही आतल्या कोपऱ्यात अंधारच असतो, टॉर्च कामाला येतो. जैन लेणी लांब आहेत, चालत नेऊ नका. घृष्णेश्वरला गर्दी बघून ठरवा, गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं हे मुलांना आधी सांगून ठेवा. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, मालोजीराजांचं, तेही सांगा.

जेवण वेरूळलाच उरकून घ्या, साधं वरण-भात मिळेल तिथे.

मकबरा संध्याकाळी, बागेत पळू द्या, बस. पाणचक्की जमली तर, नाहीतर दुसऱ्या दिवशी. परतीला पोरं गाडीत झोपणार, उशी घ्या. आम्ही मेमध्ये परत जातोय, सकाळी लवकर, दोन हेडटॉर्च आत्ताच आणून धाकट्याच्या कप्प्यात ठेवलेत आणि तो रोज रात्री एक लावून बाथरूमपर्यंत जातो.