घरच्या व्हर्च्युअल पाइप ऑर्गनला निनाद किती द्यावा? या चुका टाळा

हॉप्टवर्क किंवा ग्रँडऑर्ग ही सॉफ्टवेअर खऱ्या ऑर्गनच्या नळ्यांची ध्वनिमुद्रणे कीबोर्डवरून वाजवू देतात. त्यांवर पाइप ऑर्गन वाजवू लागलेल्या बहुतेकांचा निनाद, म्हणजे स्वर थांबल्यावरही रेंगाळणारी गुंज, कमी पडत नाही, तो जास्तच होतो. ‘वेट’ सॅम्पल सेटमध्ये (अशा ध्वनिमुद्रणांच्या संचात) मूळ चर्चचा निनाद प्रत्येक नळीच्या ध्वनिमुद्रणात, विशेषतः बोट उचलल्यानंतर ऐकू येणाऱ्या शेपटीत, आधीच उतरलेला असतो. ‘ड्राय’ सेटमध्ये माइक नळ्यांजवळ असल्याने तो फारच थोडा असतो. त्यामुळे कन्व्होल्यूशन रिव्हर्ब, म्हणजे एखाद्या वास्तूचा निनाद सॉफ्टवेअरने वरून चढवणे, ड्राय सेटपुरताच राखावा. वेट सेटवर हा रिव्हर्ब चढवला, की एका चर्चच्या आत दुसरे चर्च वाजू लागते आणि मधल्या स्वरांची ओळ त्यात बुडून जाते.

पुढची चूक मी स्वतः केलेली आहे. मे महिन्यात, भुसावळच्या उन्हाळ्यात, कूलर सुरू ठेवूनच मी निनादाचे प्रमाण ठरवले होते. तेव्हा ते अगदी नेमके वाटले. डिसेंबरात कूलर अडगळीत गेला आणि तीच रचना चिखलात चालल्यासारखी ऐकू येऊ लागली. कारण सरळ आहे. चार सेकंदांचा निनाद म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारे चार सेकंद. ऑर्गन ८० डेसिबलवर वाजत असेल आणि कूलरची घरघर ६० डेसिबल असेल, तर शेपटीचे पहिले २० डेसिबलच, म्हणजे सुमारे १.३ सेकंद, कानी पडतात. बाकीचे कूलर गिळतो. शांत खोलीतला आवाज ३५ डेसिबल धरला, तर तीच शेपटी तीन सेकंद ऐकू येते. म्हणून प्रमाण ठरवताना पंखा आणि कूलर बंद ठेवावेत, आणि नेहमी ज्या पातळीवर वाजवता त्याच पातळीवर ऐकावे. घामाची तयारी मात्र हवी.

खोलीचा हिशेबही हवा. सॅबिनच्या सूत्राप्रमाणे निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण (खोलीतले पृष्ठभाग आवाज किती गिळतात त्याचे माप). दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर भरते. आपल्याकडच्या स्लॅबच्या घरात, फरशी आणि गिलाव्याच्या भिंतींमध्ये, शोषण पाच चौरस मीटर धरले तर निनादकाल १.१ सेकंद येतो. ते दुप्पट केले, की तो निम्म्यावर उतरतो. हा खोलीचा निनाद चर्चचा नव्हे, डब्याचा असतो, आणि तो चर्चच्या निनादावर आपला रंग चढवतो. कापसाच्या मुलखात त्यावरचा उपाय घरातच सापडतो: स्पीकरसमोरच्या भिंतीला कापसाची जाड गादी उभी करून टेकवावी आणि फरशीवर सतरंजी अंथरावी.

गादीने खर्ज मात्र आवरत नाही. सोळा फुटी स्टॉपचा (स्टॉप म्हणजे एकाच जातीच्या नळ्यांची रांग) सर्वांत खालचा ‘सी’ सुमारे ३३ हर्ट्झचा असतो आणि त्याची तरंगलांबी साडेदहा मीटर, म्हणजे खोलीहून मोठी असते. पेडलचा (पायाने वाजवायच्या पट्ट्यांचा) एखादाच स्वर फुगून ऐकू येत असेल, तर निनाद कमी करण्यात अर्थ नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावा आणि बसण्याची जागा फूटभर पुढेमागे करून पाहावी.

हेडफोनवर खोलीच नसते, म्हणून स्पीकरसाठी ठरवलेले प्रमाण तिथे कोरडे वाटू शकते. दोन्हींसाठी वेगळ्या सेटिंग्ज जपून ठेवाव्यात. बोट दाबल्यावर स्वर उशिरा येतो, याचा दोषही निनादाला देऊ नये. ४८,००० हर्ट्झवर १,०२४ सॅम्पलचा बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी संगणक साठवतो तो तुकडा) एकटाच २१ मिलिसेकंद खातो. तो २५६ वर आणून पाहावा. भरगच्च स्टॉपांवर तडतड होत असेल, तर लांब शेपट्यांनी संगणकाची पॉलिफनी (एका वेळी वाजवता येणाऱ्या आवाजांची मर्यादा) संपवलेली असू शकते. अशा वेळी शेपटी छाटणे योग्य.

शेवटचे प्रमाण कानानेच ठरते. तीन स्वतंत्र ओळींची एखादी रचना तिच्या खऱ्या लयीत वाजवावी आणि मधली ओळ सुटी ऐकू येईपर्यंत निनाद कमी करत जावा. सरावाला मी त्याहूनही कोरडे ठेवतो, कारण बोट उशिरा उचलल्याची चूक निनाद लगेच झाकून टाकतो.