सिफिलिसचे आकडे वाचायला शिकताना : एमपीएचला अमेरिकेत येणाऱ्यांसाठी

बीडीएस, बीएएमएस किंवा एमबीबीएस करून इकडे एमपीएचला (सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सला) येणारी बरीच मराठी मुलं-मुली मला विचारतात, की एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे आजार कुणाला, कुठे आणि का होतात या अभ्यासात, नेमकं कुठे शिरावं. मी एका राज्याच्या आरोग्य खात्यात लैंगिक आजारांच्या विभागात काम करते आणि माझा बहुतेक वेळ सिफिलिसवर जातो. हा विषय सुचवला की समोरचा जरा गप्प होतो. कॅन्सर, कोविड, मधुमेह चालतो, पण घरी फोनवर आईला 'मी सिफिलिसवर काम करते' असं कसं सांगायचं? सांगा, बिनधास्त सांगा. सर्वेक्षण, म्हणजे आजाराच्या नोंदी सतत गोळा करून त्यांचा अर्थ लावणं, हे या आजाराइतकं नीट दुसऱ्या कुठल्या आजाराने मला शिकवलं नाही.

आधी देशाचं चित्र. 1999 मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने) सिफिलिस देशातून हद्दपार करायची योजना जाहीर केली होती. ती उगाच नव्हती. 2000 साली प्राथमिक आणि दुय्यम, म्हणजे व्रण किंवा पुरळ दिसणाऱ्या, अवस्थेतले रुग्ण सहा हजारांच्याही खाली आले होते. 2022 मध्ये सगळ्या अवस्था धरून दोन लाख सात हजारांवर नोंदी झाल्या, 1950 नंतरच्या सर्वाधिक. जन्मजात, म्हणजे आईकडून पोटातच लागलेला, सिफिलिस 2012 मध्ये 335 बाळांना होता, 2023 मध्ये 3,882. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होणारा आजार आहे हा. हे आकडे मला अजूनही स्वस्थ बसू देत नाहीत.

ही वाढ सगळीकडे सारखी झाली नाही. 2000 नंतरची दहा-बारा वर्षं ती मुख्यतः पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये आणि मोठ्या शहरांत होती. 2013 च्या आसपास बायकांच्या नोंदीही चढू लागल्या. मेथ आणि हेरॉइनचं व्यसन, डोक्यावर छप्पर नसणं, तुरुंगात ये-जा, गावाजवळ प्रसूतिपूर्व तपासणीची सोय नसणं हे सगळं त्यात गुंतलेलं आहे. गेल्या काही वर्षांत दर सर्वाधिक आहे तो मूळ अमेरिकन आदिवासी समाजात. म्हणून नकाशा पाहताना नुसती रुग्णसंख्या पाहू नका. संख्येत कॅलिफोर्निया डोळ्यांत भरतं, पण 2022 मध्ये दर लाख लोकसंख्येमागे साउथ डकोटा सगळ्यांत वर होतं, आणि त्या राज्याची लोकसंख्या दहा लाखही नाही.

आता खरं काम. आमच्याकडे प्रयोगशाळेतून एक ओळ येते : पुरुष, वय 41, आरपीआर 1:4. आरपीआर ही सिफिलिसची रक्तचाचणी. 1:4 म्हणजे रक्तातला द्रव चौपट पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह येते; दुसरा आकडा जितका मोठा, तितकी ती जोरात पॉझिटिव्ह. हा नवा रुग्ण का? रजिस्ट्री उघडायची. काही वर्षांपूर्वी त्याचा 1:32 होता, उपचार झाले, मग 1:4 वर आला आणि तिथेच राहिला. हा जुनाच माग आहे, नवी केस धरायची नाही. उलट उपचारानंतर 1:2 वर आलेला माणूस आज 1:32 घेऊन आला, तर त्याला पुन्हा संसर्ग झाल्याचा संशय घ्यायचा. ट्रेपोनिमल चाचणी (सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधणारी) इथे फार मदत करत नाही, कारण ती एकदा पॉझिटिव्ह झाली की बहुतेकांची जन्मभर तशीच राहते. जुन्या नोंदी नीट ठेवणारं राज्य आणि न ठेवणारं राज्य यांचे आकडे शेजारी मांडताना हे ध्यानात असू द्या.

अवस्था ठरवण्याचंही तसंच. लक्षणं नाहीत, पण गेल्या बारा महिन्यांतली निगेटिव्ह चाचणी हाताशी आहे, तर संसर्ग अलीकडचा हे कळतं. प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायचं औषध) घेणारा माणूस दर तीन महिन्यांनी रक्त देतो, त्यामुळे त्याची केस 'अलीकडची' म्हणून पकडली जाते. ज्या बाईची आयुष्यात कधी तपासणीच झाली नाही, ती 'कालावधी अज्ञात किंवा उशिराचा' या रकान्यात जाते. वरवर पाहता दोन गटांत आजाराचं स्वरूप वेगळं दिसतं, प्रत्यक्षात वेगळी आहे ती तपासणीची सवय. राष्ट्रीय अहवाल प्राथमिक आणि दुय्यम अवस्थेवर भर देतात तो याचसाठी. तिथे व्रण किंवा पुरळ दिसलेलं असतं, म्हणजे संसर्ग ताजा असतो.

जन्मजात सिफिलिसची व्याख्या मात्र पाठच करा. बाळ दिसायला ठणठणीत असलं, तरी आईला तिच्या अवस्थेला योग्य असा पेनिसिलिनचा उपचार प्रसूतीच्या किमान 30 दिवस आधी सुरू झालेला नसेल, तर ते बाळ केस म्हणून मोजलं जातं. सिफिलिसमुळे मृत जन्मलेलं बाळही त्यात धरतात. म्हणजे हा आकडा जितका आजाराचा, तितकाच आरोग्यव्यवस्थेने वेळेवर काय केलं नाही त्याचा. 2022 च्या नोंदींचा सीडीसीने अभ्यास केला तेव्हा वेळेत तपासणी आणि उपचार झाले असते तर जवळजवळ 90 टक्के केसेस टळू शकल्या असत्या असं दिसलं. 2023 मध्ये प्राथमिक-दुय्यम केसेस सुमारे 10 टक्क्यांनी खाली आल्या आणि बातम्या आनंदाच्या झाल्या, पण जन्मजात केसेस त्या वर्षीही वाढल्याच. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्याशिवाय कुणालाही 'साथ ओसरली' असं सांगू नका.

एसएएस आणि आर ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर्स यायलाच हवीत, ते वर्गात शिकाल. वर्गात न मिळणारी गोष्ट म्हणजे डीआयएस लोकांच्या शेजारी बसणं. रुग्णाला फोन करून जोडीदारांची नावं विचारणारी, उपचारापर्यंत पोचवणारी ही माणसं. डेटासेटमध्ये 'मुलाखतीस नकार' एवढंच दिसतं. त्यामागे काय काय असतं ते तिथे ऐकू येतं. अलाबामात टस्कीगीला 1932 ते 1972 सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून नुसतं निरीक्षण केलं, पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही. सरकारी नंबरवरून फोन आला की कुणाला हे आठवलं, तर त्यात त्याचं काही चुकत नाही. हा इतिहास नीट वाचूनच या खात्यात पाऊल टाका.

भारतात परत जाऊन काम करायचा विचार असेल तर एक फरक ओळखून असा. इथे पॉझिटिव्ह आलेली प्रत्येक चाचणी कायद्याने कळवली जाते. भारतातलं नाकोचं (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं) सेंटिनल सर्वेक्षण निवडक केंद्रांवर येणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये सिफिलिसचं प्रमाण किती ते मोजतं. एक नव्या नोंदी सांगतो, दुसरा त्या वेळचं प्रमाण. हे दोन आकडे एका तक्त्यात घालून तुलना केलेले प्रबंध मी पाहिले आहेत, आणि त्यातून निघालेले निष्कर्ष टिकत नाहीत.

अर्ज करण्याआधी सीडीसीचं अ‍ॅटलसप्लस (आजारांच्या आकड्यांचं ऑनलाइन साधन) उघडून एक काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, निवडा. बायकांमधल्या प्राथमिक-दुय्यम केसेस आणि जन्मजात केसेस यांच्या दहा वर्षांच्या रेषा काढा, 2020 पाशी थांबून त्या वर्षी किती दवाखाने बंद होते आणि किती कर्मचारी कोविडकडे वळवले होते ते शोधा. मुलाखतीत हे घेऊन जा. आणि तुमची पाळी आली की विचारा : तुमच्याकडे जन्मजात केसेसचा आढावा घेणारी समिती आहे का, आणि नव्या माणसाला तिथे बसू देता का? ज्या खात्यात याचं उत्तर 'हो' असेल, तिथे पगार थोडा कमी असला तरी जा.