भाजलंय किती खोल? जखम ओळखायची कशी

आपल्याकडे भाजण्याचं मोजमाप ओरडण्यावरून होतं. माणूस कळवळला की धावपळ, गप्प बसला की ‘थोडक्यात निभावलं’. इथेच फसगत होते. कातडी पूर्ण जाडीत भाजली की तिथल्या नसाही जळतात आणि दुखणंच थांबतं.

1. आधी पाणी. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. लेपाखाली जखमेचा रंग डॉक्टरांनाही दिसत नाही. अंगठी, बांगड्या लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. चिकटलेला कपडा मात्र ओढू नका.

2. आता उजेडात रंग पाहा. तव्याचा निसटता चटका असेल तर कातडी लाल, कोरडी, झोंबणारी असते; फोड नसतो. सावळ्या अंगावर ही लाली चटकन दिसत नाही, तेव्हा शेजारच्या कातडीशी ताडून बघा. असं भाजलेलं साधारण आठवड्यात बरं होतं.

उकळता चहा किंवा कुकरची वाफ लागली की बहुधा पाण्याने भरलेले फोड येतात. फोड फुटला तर खाली गुलाबी, ओलसर कातडी दिसते आणि नुसती हवा लागली तरी जीव जातो. फोड मुद्दाम फोडू नका.

पांढरी, तपकिरी किंवा काळी पडलेली, चामड्यासारखी कडक, कोरडी आणि बधिर कातडी म्हणजे सर्वांत खोल जखम. दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठा.

3. आकार मोजा. भाजलेल्या माणसाचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे 1 टक्का. फोड आलेली जागा याहून मोठी असेल तर डॉक्टरांना दाखवा. चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं किंवा लहान मूल असेल तर आकार मोजत बसू नका.

4. बंद खोलीत आग लागली असेल तर आवाज ऐका. घोगरा आवाज, नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी: श्वासनलिका आतून सुजत असू शकते. लगेच 108 ला फोन करा. विजेच्या शॉकची खूण डाळीएवढी असली तरी आत स्नायू आणि हृदयाला इजा झालेली असू शकते. तिथेही दवाखाना हवाच.

5. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पहिले दोन दिवस जखम खोल जाऊ शकते. काल गुलाबी असलेली जागा आज फिकट पांढरी दिसली, दुर्गंधी किंवा ताप आला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.