फोर्कलिफ्ट ठरवण्याआधी वीजबिल काढा

द्राक्षांचा सीझन जानेवारीत अंगावर येतो, म्हणून माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी डिझेलवरची की बॅटरीवरची हे दिवाळीच्या आत ठरलेलं असावं. ब्रोशर नंतर उघडा, आधी महावितरणचं बिल काढा. मंजूर भार किती, कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचायची असं ठरलंय ते, किती आणि मागच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्यक्ष डिमांड कुठवर गेली होती, हे तीन आकडे कागदावर उतरवा. गेल्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. गाडी दारात आली आणि चार्जरला द्यायला भारच शिल्लक नव्हता.

किती टन, किती उंची, रॅकमधली गल्ली किती रुंद, हे तुम्हाला माहीत असतंच.

गाडी कुठे फिरणार ते बघा. नाशिकच्या अंबड-सिन्नर कारखान्यांच्या भागात, उघड्या यार्डात, खडबडीत जमिनीवर कास्टिंग (ओतीव लोखंडी माल) हलवायचं असेल तर डिझेलला नाक मुरडू नका. कांद्याच्या शेडमध्ये डिझेल गाडी असेल तर रेडिएटरची जाळी रोज संध्याकाळी हवा मारून साफ करा. टरफलं जाळीला चिकटतात आणि इंजिन तापतं. पॅक हाऊस (फळं निवडून पॅक करायची जागा), कोल्ड स्टोरेज, बंद गोदाम इथे मात्र डिझेल नकोच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणसाचं डोकं जड होईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय कोल्ड स्टोरेजचं दार उघडं ठेवून धूर घालवता येत नाही. एलपीजीवरच्या गाड्या आपल्याकडे कमीच. कुणी घरचा सिलेंडर जोडू म्हणालं तर तिथेच थांबवा, ते बेकायदा आहे आणि धोक्याचंही.

राहिली बॅटरी. लेड-ॲसिडचं गणित साधारण आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणं. एका शिफ्टला उत्तम. दोन शिफ्ट असतील तर दुसरी बॅटरी लागते आणि ती उचलायची सोयही, कारण ४८ व्होल्टच्या बॅटरीचं वजन टनाच्या आसपास जातं. चार्ज वीस टक्क्यांखाली उतरवू नका. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडतं. चार्जिंगच्या जागी छताजवळ हवा बाहेर जायला वाट हवी. निघणारा हायड्रोजन वर साठतो आणि हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेटतो.

लिथियम महाग, पण पाण्याची कटकट नाही आणि चहाच्या सुट्टीतही थोडी चार्ज करून घेता येते. तापमान शून्य अंशाखाली असेल तर मात्र चार्ज करू नये, म्हणून चार्जर कोल्ड रूमच्या बाहेर ठेवा. जुन्या गाडीत लेड-ॲसिड काढून लिथियम बसवणार असाल तर वजन आधी विचारा. मागची जड बॅटरी पुढच्या मालाचा तोल धरते. ती हलकी झाली आणि भरीला वजन टाकलं नाही, तर गाडी पुढे कलंडेल.

आता पुन्हा बिल. ४८ व्होल्ट, १०० अँपिअरचा चार्जर सहा-सात किलोवॅट खेचतो, २०० अँपिअरचा बारा-तेरा. त्यात वेळ अशी येते की संध्याकाळी बागेतून माल उतरतो, प्री-कूलिंग, म्हणजे माल पटकन थंड करणं, सुरू होतं, कॉम्प्रेसर पूर्ण जोरात असतात, आणि त्याच वेळी ऑपरेटर गाडी चार्जिंगला लावून घरी जातो. म्हणून सगळे कॉम्प्रेसर एकदम चालवा, इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजायचं यंत्र) घेऊन मेन पॅनेलपाशी उभं करा आणि तिन्ही फेज वेगवेगळ्या मोजायला लावा. ऑफिसचे एसी आणि दिवे बऱ्याचदा सगळे एकाच फेजवर टाकलेले असतात, ती फेज आधीच भरलेली निघते. दुपारी निवांत वेळी घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही.

विक्रेता म्हणेल, "साधा थ्री फेज पॉइंट काढून ठेवा, साहेब, बास." पॉइंट इलेक्ट्रिशियन तासाभरात काढून देतो. त्यामागचा भार महावितरणकडून आणावा लागतो. अर्ज, कोटेशन, डिपॉझिट, कधी ट्रान्सफॉर्मरच अपुरा, यात आठवडे जातात. डिमांड ओलांडून दामटलं तर जादा आकार बिलात येतोच. जनरेटरवर चार्जर चालणार का, हेही आत्ताच बघा. भारवाढीचं कोटेशन भरल्याची पावती हातात नसेल तर पीओवर (गाडीच्या खरेदी ऑर्डरवर) सही करू नका. पुन्हा सांगतो, सही करू नका.

बाकी भराभर. खर्च पाच वर्षांचा मांडा, त्यात बॅटरी बदलायचे पैसे धरा. सर्व्हिसचा माणूस नाशिकचा की पुण्याहून येणार, ते लिहून घ्या. डिझेलवर हात बसलेल्या ऑपरेटरला बॅटरीच्या गाडीवर आठवडाभर सवय करू द्या. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार अधिकृत ठिकाणीच परत द्या आणि पावती घ्या.