लॅब्राडोर ‘खात्यापित्या घरचा’ दिसतोय? मग इथेच चुकतंय

संध्याकाळी ठाण्यात उपवन तलावाच्या कडेने किंवा नवी मुंबईत वाशीच्या मिनी सीशोअरला फिरायला आलेले लॅब्राडोर कुत्रे, म्हणजे आपले ‘लॅब’, नीट बघा. बऱ्याच जणांची पाठ टेबलासारखी सपाट असते आणि कंबर शोधावी लागते. येणारेजाणारे कौतुकाने म्हणतात, ‘काय गुबगुबीत आहे!’ मालकही सुखावतात. लॅबच्या बाबतीत सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून बाकीच्या आजारांआधी तिच्याबद्दल सविस्तर.

लॅबचं आयुष्य साधारण 10 ते 12 वर्षांचं. जन्मतः आलेले सांध्यांचे दोष किंवा जनुकं आपण बदलू शकत नाही, वजन मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं. अमेरिकेत 48 लॅब्राडोरांवर झालेला आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं. भरपूर खाणाऱ्यांच्या आयुर्मानाचा मध्यक (ज्या वयापलीकडे निम्मे कुत्रे जगतात ते वय) 11.2 वर्षं आला, कमी खाणाऱ्यांचा 13 वर्षं. शिवाय सांधेदुखीचं औषध कायमचं सुरू करण्याची वेळ त्यांच्यावर सुमारे तीन वर्षं उशिरा आली. इतका फरक पाडणारी गोळी कुठल्याही दुकानात मिळत नाही.

‘त्याला भूकच फार आहे हो’

भूक असते, पण ती खरी गरज नसते. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधारण चारपैकी एका लॅबमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. ‘पोट भरलं’ हा निरोप त्यामुळे मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. असा कुत्रा जेवून उठल्यावर दहाव्या मिनिटाला पोळपाटाशी येऊन बसतो आणि केविलवाण्या डोळ्यांनी बघतो. तो नाटक करत नाही, त्याला खरंच तसं वाटतं. म्हणून किती खायचं हे त्याच्या डोळ्यांवरून नाही, वजनकाट्यावरून ठरवायचं.

आता हिशेब. नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये राहणारा, दिवसाला तासभर फिरणारा 30 किलोचा लॅब घेतला तर त्याला साधारण 1,200 ते 1,400 कॅलरी पुरतात. कोरडं खाणं 100 ग्रॅमला 350 ते 380 कॅलरीचं असेल तर दिवसाचं मिळून 350 ग्रॅमच्या आसपास होतं. वाटीने मोजू नका, वाटी रोज वेगवेगळी भरते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. घरी शिजवत असाल तर डॉक्टरांकडून वजनासकट तक्ता लिहून घ्या. नुसता दहीभात किंवा दूधपोळी म्हणजे कुत्र्याचा पूर्ण आहार नव्हे.

मग वाढतं कुठे? एक मध्यम पोळी सुमारे 100 कॅलरी, चार ग्लुकोज बिस्किटं जवळपास तेवढीच. आजीने दुपारी दोन पोळ्या घातल्या आणि खाली वॉचमनकाकांनी चार बिस्किटं दिली की झाल्या 300 कॅलरी. त्या प्रयोगातला 25 टक्क्यांचा फरक आपल्या घरात असा कुणाच्या लक्षातही न येता भरून निघतो.

उपाय साधा आहे. सकाळी दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात भरा. ज्याला लाड करायचे आहेत त्याने त्या डब्यातूनच द्यायचं. डबा रिकामा झाला की दिवस संपला. वर काही हवंच असेल तर काकडी, गाजर, उकडलेली फरसबी किंवा दुधी द्या, मीठ-फोडणी न घालता. वॉचमनकाकांच्या हातातही याच डब्यातले दहा दाणे ठेवा, म्हणजे त्यांचा आनंदही राहतो आणि कुत्र्याचं वजनही.

वजन बरोबर आहे का, हे हाताने कळतं. आपला पंजा सपाट, पालथा धरा आणि बोटांच्या मुळाशी दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. हाडं दिसत नाहीत पण सहज लागतात. लॅबच्या बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. तळहातावरून बोटं फिरवल्यासारखं मऊ लागलं तर तो जाड आहे. मुठीच्या उंचवट्यांसारखं टोचलं तर हडकुळा आहे. कमी करायचं तर आठवड्याला एकूण वजनाच्या 1 ते 2 टक्के, म्हणजे 38 किलोच्या कुत्र्याचे 400 ते 700 ग्रॅम. त्याहून घाई नको. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यातल्या एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. मोजून देऊनही दीड-दोन महिन्यांत काटा हलत नसेल आणि केस विरळ होत असतील, कुत्रा सुस्त असेल, तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

पिल्लू घेतानाच झालेली चूक

‘हेवी बोन’ (जाड हाडं), ‘पंच फेस’ (बसका चेहरा) असे शब्द ऐकून लोक पिल्लू घेतात. केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, कागद वंशावळ सांगतो, आईबापांचे सांधे कसे आहेत ते सांगत नाही. विचारायचं ते हे : दोघांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे काढलेत का? दाखवता का? 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि मादीकडून वर्षात एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू हातात ठेवणाऱ्याकडे एक्स-रे असण्याची आशा सोडा.

चॉकलेटी रंगासाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. ब्रिटनमधल्या लॅबच्या नोंदींवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काळ्या-पिवळ्यांच्या आयुर्मानाचा मध्यक 12.1 वर्षं होता, चॉकलेटींचा 10.7. कानाचे आणि त्वचेचे आजारही चॉकलेटींमध्ये जास्त दिसले. हा रंग यायला दोन्ही बाजूंनी तेच जनुक लागतं. त्यामुळे जोड्या मोजक्याच कुत्र्यांमधून लावल्या जातात आणि रंगासोबत इतर दोषही पुढे जात असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

कॅल्शियमचं सिरप आणि गुळगुळीत फरशी

‘हाडं मजबूत होऊ देत’ म्हणून पिल्लाला कॅल्शियमचं सिरप सुरू करणारी घरं ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं खाणं चालू असेल तर वरून कॅल्शियम देऊ नका. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आतड्यातून शोषलं जाणारं कॅल्शियम मोठ्या कुत्र्यासारखं आवरू शकत नाही. जादा कॅल्शियम रक्तात जातं आणि हाडांची वाढच बिघडते.

दुसरा शत्रू म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल्स. पिल्लाचे मागचे पाय पसरतात, सैल खुब्यावर पुन्हा पुन्हा ताण येतो. जिथे ते पळतं तिथे योगा मॅट किंवा रबरी पायपुसणी अंथरा, तळव्यांमधले केस आणि नखं कापा. तीन महिन्यांपर्यंत जिन्यावरून उचलून न्या. मातीवर, गवतावर मोकळं खेळू द्या, ते सांध्यांना चांगलंच. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखं पळणं, बसताना एक पाय बाहेर टाकणं, पाच ते आठ महिन्यांच्या वयात पुढच्या पायाने लंगडणं, यातलं काहीही दिसलं तर ‘वाढत्या वयाचं दुखणं’ म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा. नसबंदी सहा महिन्यांच्या आत केली तर लॅबमध्ये सांध्यांच्या तक्रारी वाढतात. मादीच्या बाबतीत वर्षभर थांबावं असा सल्ला आता दिला जातो. मात्र नसबंदी न झालेली मादी हीटनंतर (माजावर येऊन गेल्यावर) महिना-दोन महिन्यांत खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाला असू शकतो. तिला त्याच दिवशी न्या, सोनोग्राफी करा.

पावसाळा

लोंबते कान आणि आपली दमट हवा ही जोडी वाईट. कानाला आंबूस वास, तपकिरी मळ, सतत डोकं झटकणं म्हणजे आतून संसर्ग. मागच्या वेळचे उरलेले थेंब परत घालू नका. पडदा फाटला असेल तर काही औषधांनी कायमचा बहिरेपणा येतो. इअर बड तर नकोच, त्याने मळ आणखी आत ढकलला जातो. डॉक्टरांनी दिलेलं क्लीनर कानात भरा, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा. आत पचपच आवाज येतो. मग त्याला डोकं झटकू द्या आणि बोटाला कापूस गुंडाळून दिसेल तेवढंच पुसा. वर्षातून तीन-चारदा कान बिघडत असेल तर पाण्याला दोष देणं थांबवा, मुळात ॲलर्जी आहे का ते तपासा.

साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) येतो. त्याची लस पहिल्या वेळी दोन डोसांत, मग दरवर्षी. आपल्याकडे गोचिडतापही बाराही महिने असतो. लॅबने जेवण नाकारलं की तो आजारी आहे असंच धरा, या जातीत हे लक्षण फार बोलकं असतं. हिरड्या फिकट, नाकातून रक्त, ताप 103 फॅरनहाइटच्या वर असेल तर सीबीसी ही रक्ततपासणी करून प्लेटलेट बघा. घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकची गोळी अजिबात देऊ नका. जठरात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होतं. प्लेटलेट आधीच कमी असतील तर रक्तस्राव थांबत नाही.

येऊरच्या वाटेवर टाकलेली मक्याची कणसं आणि मे महिन्यातल्या आंब्याच्या कोयी लॅब न चावता गिळतो. उलट्या थांबत नसतील, शी होत नसेल तर ‘पोट साफ होईल’ म्हणून तूप किंवा एरंडेल पाजू नका. कणीस साध्या एक्स-रेत बऱ्याचदा नीट दिसत नाही, म्हणून सोनोग्राफीही मागा.

उन्हाळ्यातला झटका

लॅब मूळचा न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यातला, अंगावर दुहेरी केस. धापा टाकून तो स्वतःला थंड करतो, पण हवाच दमट असली की तोंडातला ओलावा उडत नाही. एप्रिल-मेमध्ये फिरणं सकाळी सातच्या आत उरका. रस्त्याच्या डांबरावर पालथा हात सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही टेकू देऊ नका. विटकरी लाल हिरड्या, झोकांड्या, घट्ट लाळ दिसली तर आधी थंड करा, मग दवाखाना. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर ती मिनिटं परत मिळत नाहीत. नळाचं पाणी सर्वांगावर ओता, पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. निघताना गाडीत एसी पूर्ण.

‘म्हातारपण आहे, चालायचंच’

सात वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी रक्त-लघवीची तपासणी आणि अंगावरून हात फिरवणं. लॅबला चरबीच्या गाठी खूप होतात, बहुतेक निरुपद्रवी असतात. पण मास्ट सेल नावाचा कर्करोग हाताला अगदी तशाच मऊ गाठीसारखा लागू शकतो. सुई घालून नमुना काढल्याशिवाय ‘चरबीच आहे’ असं कुणीही म्हणू नये, अगदी डॉक्टरांनीही. काम पाच मिनिटांचं आहे, बहुतेक वेळा भूलही लागत नाही.

शेवटचं लक्षण बहुतेक घरांत ओळखलंच जात नाही. दहा-अकरा वर्षांच्या लॅबचं भुंकणं घोगरं होतं, श्वास आत घेताना घरघर येते, पाणी पिताना ठसका लागतो. सगळे म्हणतात आवाज बसला. खरं तर स्वरयंत्राच्या नसा दुबळ्या होऊन ते नीट उघडत नसतं, आणि याच आजारात पुढे मागचे पाय घासत चालणं सुरू होतं. अशा कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीचा हार्नेस घाला, भर दुपारी बाहेर नेऊ नका. श्वास घेताना जीभ निळसर दिसली तर लगेच एसीत बसवा आणि ऑक्सिजन असलेला दवाखाना गाठा. रात्री दोन वाजता असा दवाखाना कुठे उघडा असतो, ते आजच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर लावून ठेवा.