बिनमॅग्नेटच्या मोटरचं प्रेडिक्टिव्ह कंट्रोल: आधी टेबल नीट करा

एप्रिल २०२५मध्ये चीनने मोटरच्या मॅग्नेटमध्ये लागणाऱ्या डिस्प्रोशियम, टर्बियमसारख्या रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीला परवाना लागू केला आणि आमच्या भोसरीत जो तो ‘मॅग्नेट कधी येणार’ एवढंच विचारू लागला. कोपऱ्यात धूळ खात पडलेली आमची १२/८ची (बाहेरच्या स्टेटरवर १२ दात, आतल्या रोटरवर ८) स्विच्ड रिलक्टन्स मोटर तेव्हा पुन्हा बाकावर आली. रोटरवर ना मॅग्नेट, ना वाइंडिंग. नुसत्या पत्र्यांचा गठ्ठा. पण करंट आणि रोटरचा कोन बदलला की इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा विरोध) बदलतो, त्यामुळे करंटची चूक बघून व्होल्टेज कमीजास्त करणारा साधा पीआय लूप एका जागी जमला तर दुसऱ्या जागी हुंदके देतो.

प्रेडिक्टिव्ह कंट्रोल म्हणजे पुढच्या क्षणी करंट किती होईल याचा अंदाज बांधून आत्ताच स्विच ठरवणं; त्याचं गणित मात्र चार ओळींचं आहे. पुढचा फ्लक्स (कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र) = आत्ताचा फ्लक्स + सॅम्पलचा (दोन मोजण्यांमधला) वेळ × (व्होल्टेज − रोध × करंट). प्रत्येक फेजला (कॉइलच्या गटाला) दोन स्विच, दोन डायोड. म्हणून पर्याय तीनच: अधिक ४८ व्होल्ट, शून्य, उणे ४८. तिन्हींसाठी पुढचा करंट काढायचा आणि हव्या असलेल्या करंटच्या सर्वांत जवळचा पर्याय निवडायचा. फ्लक्सवरून करंट कुठून आणायचा? कोणत्या कोनात किती करंटला किती फ्लक्स, याच्या टेबलातून. आणि आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार!

म्हणून कोड लिहायच्या आधी टेबल. रोटर मिलिंगच्या डिव्हायडिंग हेडवर (नेमक्या कोनात फिरवून धरणाऱ्या साधनावर) घट्ट पकडा, कारण मधल्या कोनात तो जोरात ओढ घेतो. दात समोरासमोर असताना सुरुवात करून २२.५ अंशांपर्यंत दर १.५ अंशाला थांबा. पुढचा अर्धा भाग आरशातल्यासारखाच असतो. प्रत्येक ठिकाणी एका फेजला पल्स द्या, करंट ४० अँपिअर झाला की बंद. व्होल्टेजमधून रोध × करंट वजा करून वेळेवर बेरीज करत गेलात की फ्लक्स मिळतो. प्रोब मोटरच्या टर्मिनलवरच लावा. बॅटरीवर लावलात तर केबल आणि स्विचमधला ड्रॉपही फ्लक्स म्हणून मोजला जाईल. करंट सेन्सरचा शून्य दर पल्सआधी तपासा.

आता एन्कोडरचा, म्हणजे रोटरचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचा, शून्य. एका फेजला डीसी दिला की रोटर आपोआप जुळतो असं म्हणतात. जुळतो, पण बेअरिंगच्या घर्षणाने किंचित अलीकडे अडतो. मी एकाच बाजूने जुळवला, १.१ अंशाची चूक राहिली आणि दोन आठवडे वेटिंग फॅक्टरशी (निवड करताना कशाला किती वजन द्यायचं त्या आकड्यांशी) झटापट करत बसलो. दोन्ही बाजूंनी आणून सरासरी घ्या. ३००० आरपीएमला ५० मायक्रोसेकंदांच्या एका सॅम्पलमध्ये रोटर ०.९ अंश सरकतो, यावरून त्या चुकीची किंमत कळेल.

त्याच कारणाने उशीरही हिशेबात धरा. आत्ता काढलेला निर्णय पुढच्या सॅम्पलला लागू होतो. म्हणून आधी चालू पर्यायाने एक पाऊल पुढे जा, तिथून दुसऱ्या पावलासाठी निवड करा. कोनही तेवढाच पुढे न्या.

लगेच नव्या कोडच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. मोटर जुन्या हिस्टेरिसिसवरच (करंट ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला की स्विच बदलणाऱ्या पद्धतीवर) चालवा, शेजारी अंदाज नुसता लॉग करा. अंदाज आणि मोजलेला करंट यांतला फरक कोनाबरोबर डुलत असेल तर एन्कोडर बघा. सगळीकडे सारखाच असेल तर सेन्सर. करंट वाढला की वाढत असेल तर टेबलाचा सॅच्युरेशनचा (करंट वाढवूनही फ्लक्स फारसा वाढत नाही तो) भाग पुन्हा मोजा.

अंदाज जुळला की स्विचिंगला थोडा दंड लावा. अधिकवरून थेट उणेवर उडी मारली तर दोन्ही स्विच बदलतात, शून्यावर आलं तर एकच. शून्यासाठी कधी वरचा, कधी खालचा स्विच बंद करा, म्हणजे एकच तापणार नाही.

तरीही एक दुखणं उरतं. दात समोर नसताना आमच्या मोटरचा इंडक्टन्स जेमतेम अर्धा मिलिहेन्री, म्हणजे एका सॅम्पलमध्ये करंट जवळजवळ ४.८ अँपिअर उडी घेतो. तीन पर्यायांत याला उत्तर नाही. तिथे त्याच टेबलावरून नेमकं किती व्होल्टेज हवं ते काढा आणि पीडब्ल्यूएमने (स्विच सॅम्पलचा काही भागच चालू ठेवून) द्या. आम्ही हे केल्यावर भजी तळल्यासारखी चरचर थांबून एकसुरी शिट्टी ऐकू येऊ लागली. शेजारच्या लेथवाल्याला मात्र चरचरच बरी वाटायची.