प्रायमर गोल दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका: हँडलोडिंगमधल्या या चुका टाळा

रेंजवरचा नवखा हँडलोडर, म्हणजे स्वतःची काडतुसं घरी भरणारा, हमखास एक गोष्ट करतो. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी नळी, म्हणजे केस, उचलतो, तिच्या बुडातला प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) उन्हात धरतो आणि जाहीर करतो, "कडा गोल आहेत, म्हणजे दाब ठीक. अजून थोडी पावडर चालेल."

नाही चालणार. (हे सगळं अमेरिकेतलं. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्यांनी नुसतं वाचावं.)

प्रायमरइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची सामीने (अमेरिकी काडतूस-उद्योगाची मानक संस्था) ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). ती ओलांडून बरंच पुढे गेलात तरी जाड पत्र्याचा प्रायमर, उदाहरणार्थ सीसीआय ४१, शहाण्यासारखा गोल राहू शकतो. त्याच दाबाला पातळ पत्र्याचा सीसीआय ४०० चपटा होईल. उलटही घडतं. साइझिंग करताना, म्हणजे उडवलेली केस पुन्हा मापात दाबताना, तिचा खांदा (मानेखालचा उतार) फार मागे दाबला असेल तर सौम्य लोडलाही (लोड म्हणजे काडतुसातला भरणा) प्रायमर आधी मागे सरकतो, मग केस त्याच्यावर येऊन आदळते आणि तो सपाट होतो. आता बोला, दाब जास्त की कमी? फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवतीच्या उंचवट्याचंही तेच. बोल्टमधलं (केसला मागून अडवून धरणारा भाग) पिनचं भोक ढिलं असलं तरी तो उठतो.

मी केसचं बूड आधी बघतो. इजेक्टरच्या (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) जागी चकचकीत गोल ठसा असेल तर पितळ त्या भोकात दाबलं गेलंय. दुसरी खूण प्रायमर पॉकेटची, म्हणजे प्रायमर बसायच्या खळग्याची. नवा प्रायमर बसवताना हाताला अडथळाच लागला नाही तर पॉकेट फाकलंय. ती केस भंगारात, आणि तो लोडही.

मागे एका उन्हाळ्यात आमच्या टेक्सासच्या रेंजवर पुण्याचा एक मुलगा एआर-१५ ही सेमी-ऑटो रायफल घेऊन आला. मधेच रायफल अडली, ट्रिगर हलेना. यानं ती उलटी करून झटकली, काहीतरी टिचकन खाली पडलं आणि हा पुढचं मॅगझीन लावायला मोकळा! पडला होता तो प्रायमर. पॉकेटमधून निसटून ट्रिगरखाली जाऊन बसला होता. मी रायफल खाली ठेवायला लावली आणि केस गोळा केल्या. बहुतेकांच्या बुडावर ठसा, काहींच्या प्रायमरभोवती काजळीचं कडं.

"काका, पावडर लोडिंगच्या पुस्तकातल्या कमाल आकड्यापेक्षा अर्धा ग्रेन (पावडर मोजायचं वजनाचं माप) कमीच आहे." खरं होतं. वजनाचा काटाही बरोबर होता. मग कॅलिपर काढला. .२२३च्या केसची लांबी जास्तीत जास्त १.७६० इंच असावी. त्याच्या केस सरळसरळ त्याच्या पुढे. भरून उडवून, पुन्हा भरून उडवून केस लांबत जाते, आणि यानं ती कापून मापात आणणं, म्हणजे ट्रिम, कधी केलंच नव्हतं. अशी लांब मान चेंबरच्या (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) टोकाला जाऊन अडते, गोळीला आवळून धरते आणि दाब उसळतो. पावडर पुस्तकातली असली तरी केस पुस्तकातली नव्हती. ट्रिमर घ्यायचा राहिला होता म्हणे. तासाला शेकड्यांनी काडतुसं काढणारं प्रोग्रेसिव्ह प्रेस मात्र आधीच घेतलं होतं! माझं ऐकाल तर पहिलं वर्ष एका वेळी एकच काम करणाऱ्या सिंगल-स्टेज प्रेसवरच काढा.

वर त्याचा प्रश्न, "उरलेली मित्राच्या बोल्ट-अॅक्शनमध्ये संपवू का?" त्या चेंबरलाही मान तितकीच लांब पडणार. हातोडी-पुलरनं (ठोकून केसमधली गोळी काढायचं अवजार) सगळी सोडवायला लावली.

सेमी-ऑटोत आणखी एक गोंधळ असतो, गॅसचा. पोर्ट (बॅरलमधला गॅस घेणारं भोक) मोठं किंवा बफर (बोल्टमागचं वजन) हलका असेल तर बोल्ट लवकर उघडतो, केस अजून चेंबरला चिकटलेली असतानाच एक्स्ट्रॅक्टर हा आकडा तिला ओढतो. मग रिम वाकते, बुडावर ठसा येतो, केस घड्याळातल्या १-२च्या दिशेला पुढे उडते, आणि लोड मात्र निर्दोष असू शकतो. म्हणून मी आधी त्याच रायफलमधून फॅक्टरीची काडतुसं उडवतो आणि त्या केस खिशात ठेवतो. त्यांच्यावरही तोच ठसा असेल तर दोष रायफलचा. फक्त माझ्याच केसवर असेल तर माझा.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) नसेल तर कमाल आकड्याच्या जवळपास फिरकू नका. पुस्तकातला वेग बहुधा २४ इंची बॅरलचा असतो. तुमच्या १६ इंची बॅरलमधून तोच मिळतोय? शाबासकी घेऊ नका, दाब जास्त असणार, लोड खाली आणा.

बाकीच्या थोडक्यात. थंडीत ठरवलेला लोड टेक्सासच्या ऑगस्टच्या उकाड्यात पुन्हा तपासा. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून गप्पा मारत बसू नका. एकच काडतूस वारंवार चेंबरमध्ये घातलं की गोळी आत ढकलली जाते आणि दाब वाढतो, लांबी मोजा. साइझिंगचं तेल पुसा, तेलकट केसचा धक्का बोल्टला जास्त बसतो. गॅरंडला (जुनी अमेरिकी लष्करी सेमी-ऑटो रायफल) मंद जळणारी पावडर देऊ नका. प्रायमर सुंदर राहील आणि बोल्ट चालवणारा ऑपरेटिंग रॉड वाकेल. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. आणि आवाज 'फुस्स' आला, बोल्ट फिरला नाही, तर हँडल ओढून पुढची गोळी झाडू नका, आधीची बॅरलमध्येच अडकली असू शकते. रायफल रिकामी करा, बॅरलमधून सळई आरपार जाते का बघा.